डावा पाय

विजयकर बाईंनी गाडी गॅरेजात घेतली ती उलटी,
एका दमात, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून.
कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत हे टेम्पोवाल्यांनाही जमत नाही.
मग दार उघडलं. आधी कुबडी बाहेर आली,
मग उजवा पाय,
मग हातानं उचलून ठेवलेला डावा.

"परकार, हिला सुपरचार्जर बसवायचाय."

मी हसलो नाही. म्हटलं, बाई, ऑटोमॅटिक आहे ही.
इंजिनाला हवा कितीही कोंबा, ते खातं,
अधाशी असतं, वर मागतं.
प्रश्न गिअरबॉक्सचा. त्याच्या पोटात पातळ चकत्या,
तेलात भिजलेल्या, एकमेकींना धरून उभ्या.
जोर वाढला की आधी त्या सुटतात,
आणि सुटताना आवाज करत नाहीत.
नुसता तेलाचा रंग बदलतो.

"माहीत आहे. वाचलंय सगळं."
मग जरा थांबून,
"क्लच मला दाबता येत नाही, परकार.
म्हणून काय कायम डाव्या लेननं जायचं?"

ह्याला माझ्या पेटीत पाना नव्हता.

तीन महिने गेले.
सुपरचार्जर निघाला एका ठोकलेल्या जर्मन गाडीतून,
पुली कातून दिली काळाचौकीच्या जोशुआनं,
पट्टा दोनदा तुटला, एकदा माझ्या मनगटावर.
रेहान लॅपटॉप मांडीवर घेऊन पेट्रोलचा हिशेब करत बसायचा,
आणि मी, सगळे गेल्यावर, गिअरबॉक्सपाशी.
त्याला नव्या चकत्या दिल्या, कडक स्प्रिंगा दिल्या,
बंपरमागे त्याचा एकट्याचा कूलर,
जिथे वारा पहिला लागतो.
रेहानला सांगितलं, एक गिअर सुटून दुसरा लागतो ना,
त्या पाव सेकंदात इंजिनानं मान खाली घालायची.
तेवढ्यात चकत्या धरून घेतात.
(माझ्या घरात हे शिकायला मला अकरा वर्षं लागली.)
दाब सात पौंड ठेवला तर भांडण.
पाचवर तोडलं.

फ्रीवेवर पहाटे साडेचारला.
उजवीकडे शिवडीची खाजणं, अजून काळी,
पुढे माहुलच्या चिमणीवर तेवढी एक ज्योत.
बाई काही बोलल्या नाहीत, नुसता उजवा पाय दाबला.
गिअरबॉक्स एक पायरी उतरला, विचार केला,
आणि शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र
जोरात चालवावं तसा आवाज सुरू झाला,
वाढत गेला, वाढत गेला,
माझी पाठ सीटमध्ये गेली.
सहा सेकंद असतील. पुढे कॅमेरा आहे, त्यांना पाठ होतं.

मी रस्त्याकडे बघत नव्हतो.
डावा पाय मॅटवर होता, जिथे क्लच असायचा तिथे,
निजलेला.
पण गिअर बदलला की दर वेळी
वरची मांडी किंचित हलत होती.
दुसरा. तिसरा.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

चेंबूरला उतरून बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली,
पांढऱ्या कागदावर टेकवली.
"रंग?"
"कोकम."
"मग परत त्याच रस्त्यानं."

किती टिकेल हे मी लिहून दिलेलं नाही.
आरटीओच्या पुस्तकात तर ह्याला ओळच नाही,
बाई म्हणतात ती बाजू त्या बघतील.
दर दोन महिन्यांनी येतात, उलट्या, चार बोटं सोडून.
मी चहा सांगायच्या आधी डिपस्टिक काढतो.
परवा लालच होतं तेल,
पण डागाच्या कडेला एक बारीक तपकिरी रेघ,
तुम्हाला दिसली नसती.
मी बोट ठेवून दाखवली.
त्यांनी चष्मा काढून, कागद उजेडाला धरून पाहिली,
बराच वेळ,
मग कागदाची घडी केली
आणि पर्समध्ये ठेवली.